डोळ्यांनीं ऐकणारे रसिक

ग्रंथपरीक्षण लिहिणाऱ्यावर एक बंधन असतें; तें हें कीं, त्यानें ग्रंथ वाचलेला असावा. हें बंधन सर्वच परीक्षक पाळतात असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु न वाचतां लिहिलें असें उघडकीस आलें तर त्यांस लाज वाटते, एवढें तरी खरें. अलीकडे परीक्षणाचा एक नवा प्रकार फार बोकाळला आहे, आणि त्यांत ही लाजही उरलेली दिसत नाहीं. आम्ही बोलतों आहों तें खिशांत मावणाऱ्या उंची संगीतयंत्रांच्या, म्हणजे ज्यांस हाय-रेझोल्यूशन प्लेअर म्हणतात त्यांच्या, तुलनात्मक परीक्षणांविषयीं. हा विषय वाङ्मयास वाहिलेल्या मासिकांत कशाला, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, हीं परीक्षणें टीकेचीच भाषा वापरतात, रसिकतेच्या नांवानेंच ग्राहकाच्या खिशांत हात घालतात, आणि त्यांच्या भरंवशावर सुशिक्षित कुटुंबांतून महिन्या-दोन महिन्यांचा पगार खर्च होत असलेला आम्हीं डोळ्यांनीं पाहिला आहे.

या परीक्षणांची भाषा पाहावी. एका यंत्राचा स्वर म्हणे 'ऊबदार', दुसऱ्याचा 'थंड पण चिकित्सक'. तिसऱ्याचा खर्ज 'मखमली', तर चौथ्याची पार्श्वभूमी 'काळीभोर'. हींच विशेषणें एखाद्या गवयाच्या गळ्याविषयीं योजलीं तर त्यांस अर्थ आहे. कारण गवई गाण्यांत स्वतःचें कांहीं घालतो, आणि तें काय घातलें हें सांगणें हेंच टीकाकाराचें काम. प्लेअरचें काम याच्या अगदीं उलट. फाईलींत जें नोंदलेलें आहे त्यांत कांहीं न मिळवितां व कांहीं न गमावतां तें हेडफोनपर्यंत पोंचविणें, एवढीच त्याची थोरवी. टपालवाल्यानें पत्रांत आपल्या पदरच्या दोन ओळी घातल्या तर आपण त्यास रसिक म्हणत नाहीं. मग यंत्रानें ऊब घातली असें खरोखरच असेल, तर तो गुण कीं दोष?

या यंत्रांचा इतिहास फार जुना नाहीं. १९७९ सालीं जपानांत सोनी कंपनीनें वॉकमन विकावयास काढला, आणि रस्त्यानें चालणाऱ्या माणसास एकट्यानें संगीत ऐकण्याची सोय झाली. १९८२ सालीं कॉम्पॅक्ट डिस्क आली, २००१ सालीं ॲपलचा आयपॉड आला, आणि पुढें हें सारें काम मोबाईल फोननें गिळून टाकलें. स्वतंत्र प्लेअर विकणाऱ्यांस मग प्रश्न पडला कीं, जें काम हातांतला फोन करतोच आहे, त्यासाठीं गिऱ्हाइकानें निराळे पैसे कां मोजावे? याचें उत्तर त्यांनीं आंकड्यांत शोधलें. डिस्कवर आवाजाचे दर सेकंदास ४४,१०० नमुने १६ बिटांत नोंदलेले असतात. आमचें यंत्र १,९२,००० नमुने २४ बिटांत वाजवितें. सबब तें श्रेष्ठ! शेरानें मोजलेलें दूध छटाकांत मोजलें म्हणून वाढत नाहीं, हें आमच्या आजीस ठाऊक होतें. तिच्या पदवीधर पणतवंडांस मात्र तें पटवून द्यावें लागतें.

आतां या आंकड्यांचा अर्थ काय तें पाहूं. मनुष्याच्या कानास दर सेकंदास सुमारें २० पासून २०,००० पर्यंत कंपनें ऐकूं येतात, आणि तींही ऐन तारुण्यांत. पन्नाशी उलटलेल्या आमच्यासारख्यांची वरच्या कांहीं हजारांशीं असलेली ओळख केव्हांच सुटलेली असते. एखाद्या मर्यादेपर्यंतचीं सर्व कंपनें जशींच्या तशीं परत उभीं करावयाचीं, तर त्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक नमुने पुरे होतात, असा गणिताचा सिद्धान्त आहे. क्लॉड शॅनन यानें १९४९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधांत तो मांडला आहे. ४४,१०० ही संख्या २०,००० च्या दुपटीहून मोठीच आहे. तेव्हां दोन नमुन्यांच्या फटींतून कांहीं श्रुति निसटून जातात, ही समजूत निराधार होय. बिटांचेंही तसेंच. १६ बिटांत सर्वांत मोठा आवाज व मुळांतली कुजबूज यांच्यामध्यें सुमारें ९६ डेसिबलांचें अंतर सांपडतें. ध्वनिमुद्रण करणाऱ्यास २४ बिट उपयोगाचे, कारण त्यास पुढें आवाज चढवावयाचा-उतरवावयाचा असतो. परंतु डोक्यावर पंखा व खिडकीखालीं रिक्षा अशा स्थितींत ऐकणाऱ्यास ९६ डेसिबलांपलीकडचें तें वैभव कोठें दिसणार?

गणितावर ज्यांचा विश्वास नाहीं त्यांनीं प्रयोगाकडे पाहावें. मेयर व मोरन या दोघां अमेरिकनांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उंची ध्वनिमुद्रण एकदां तसेंच, व एकदां डिस्कच्या मापांतून गाळून ऐकविलें. ५५४ वेळां उत्तरें घेतलीं. त्यांपैकीं २७६ बरोबर आलीं. नाणें उडवूनही एवढींच आलीं असतीं. उलट पक्षाचा पुरावा आम्ही लपवीत नाहीं. जोशुआ रीस यानें २०१६ सालीं अशा १८ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. त्यांतील बारा हजारांवर उत्तरांत शेंकडा ५२ च्या किंचित् वर उत्तरें बरोबर निघालीं, आणि आधीं शिकवून तयार केलेल्या श्रोत्यांस त्याहून बरें यश आलें. म्हणजे फरक आहेच असें धरलें तरी तो इतका सूक्ष्म कीं, तो सांपडावयास बारा हजार उत्तरांची चाळण लावावी लागते. आणि आमचे परीक्षक तोच फरक 'पहिल्या सुरासच अंगावर कांटा आला' अशा शब्दांत सांगतात!

या कांट्याचें मूळ कोठें आहे? आमच्या मतें तें दोन ठिकाणीं आहे. पहिलें, आवाजाच्या उंचींत. तोच सूर जरासा मोठा लागला कीं तो मोठा न वाटतां अधिक भरदार वाटतो. फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालींच दाखविलें कीं, आवाज वाढतांच खर्जाकडील स्वर कानास अधिक उठावदार होतात. दोन यंत्रांचा आवाज मोजून समान केल्याशिवाय केलेली तुलना म्हणून तुलनाच नव्हे. दुसरें मूळ डोळ्यांत आहे. सोनीनें २०१६ सालीं दोन भावंडें बाजारांत आणलीं: एकाचें अंग ॲल्युमिनियमचें, वजन २६७ ग्रॅम, दुसऱ्याचें तांब्याचें व वर सोन्याचा मुलामा, वजन ४५५ ग्रॅम. अमेरिकेंत पहिल्याची किंमत सुमारें १,२०० डॉलर, तर दुसऱ्याची सुमारें ३,२००. आंतील तारांचाही फरक होता, हें खरें. परंतु अर्धा शेर सोनेरी तांबें तळहातावर घेऊन बसलेल्या माणसाचे कान तटस्थ राहतील, असें मानणें म्हणजे मनुष्यस्वभाव विसरणें होय. त्यापूर्वीं, २०१४ सालीं, नील यंग या प्रसिद्ध गायकानें 'पोनो' नांवाच्या यंत्रासाठीं लोकांकडून बासष्ट लाख डॉलरांवर वर्गणी गोळा केली. त्याच्या जाहिरातींत नामांकित गायक-वादक मोटारींत बसून संगीत ऐकतात व थक्क होतात. थक्क झालेले चेहरे पुष्कळ दाखविले. कोणतें यंत्र वाजत आहे हें न सांगतां ओळखण्यास मात्र कोणासही बसविलें नाहीं. २०१७ सालीं तो उद्योग आटोपला.

हा प्रयोग घरींही करतां येतो, म्हणून आम्हीं केला. आमच्या भाच्यानें पगारांतून पैसे साठवून एक भारी प्लेअर घेतला होता, आणि "मामा, फोनवर ऐकणं आता सोडाच" असा त्याचा आग्रह होता. महाविद्यालयांतील पदार्थविज्ञानाच्या एका सहाध्यापकांनीं फोनला लावावयाचा एक स्वस्त ॲडॉप्टर व भाच्याचा प्लेअर असे दोन्ही एका कळीस जोडले, दोहोंचा दाब मोजून शेंकडा एकाच्या आंत समान केला, आणि वर टॉवेल टाकला. इअरफोन तोच, फाईल तीच. सोळा फेऱ्या झाल्या. केवळ दैवानें एवढें जमलें नाहीं असें म्हणावयास सोळांत बारा तरी उत्तरें बरोबर यावीं लागतात. भाच्याचीं नऊ आलीं, आमचीं सात. भाचा थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "टॉवेल काढा, मग कळेल." त्या बिचाऱ्यानें नकळत आमच्या या सबंध लेखाचें सार सांगितलें होतें. त्याला हंसण्याचा धीर आम्हांस झाला नाहीं. कारण ते पैसे त्यानें खरेच एक वर्षभर साठविले होते, आणि ज्यांनीं त्यास ते खर्चावयास लाविलें त्यांच्यापैकीं एकानेंही टॉवेल वापरला नव्हता.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, तुमचे कान घडलेले नाहींत. असतील बापडे! परंतु ज्याचे कान घडलेले आहेत त्यानें तर टॉवेलाचें स्वागतच करावयास पाहिजे. ज्यास सूर कळतो तो डोळे मिटूनच ऐकतो. दुसरा आक्षेप असा कीं, पैसा आमचा, आनंद आमचा, तुम्हांस कां दुखतें? हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. सोन्याची वस्तु बाळगण्यांत आनंद आहे, आणि तो गैर नाहीं. परंतु तिला दागिना म्हणावें आणि दागिना म्हणून विकावी. श्रवणशक्तीच्या नांवानें विकूं नये.

प्लेअरा-प्लेअरांत मुळींच फरक नसतो, असें मात्र कोणी समजूं नये. जे फरक मोजतां येतात ते आहेत, आणि खरें परीक्षण त्यांचेंच झालें पाहिजे. फार संवेदनशील इअरफोन लावला तर कांहीं यंत्रांतून बारीक फुसफुस ऐकूं येते, कांहींतून येत नाहीं. ३०० ओहमचा मोठा हेडफोन कांहीं लहान यंत्रांस पेलत नाहीं. यंत्राच्या निकासाचा रोध इअरफोनच्या रोधाच्या सुमारें आठव्या हिश्शाहून कमी असावा. नसेल तर अनेक ध्वनिकारकांच्या इअरफोनचा तोल खरोखरच बिघडतो, आणि तो बिघाड कोणीतरी 'ऊब' म्हणून वाखाणतो. बॅटरी किती तास टिकते, बटण अंधारांत सांपडतें कीं नाहीं, हेही प्रश्न खरे. आणि सर्वांत खरा लाभ हा कीं, स्वतंत्र प्लेअरवर ख्याल रंगांत आला असतां कोणाचा फोन येत नाहीं. परंतु तो लाभ स्वस्तांतल्या स्वस्त प्लेअरवरही तितकाच मिळतो. उलट, कित्येक जण भारी यंत्र घेऊन त्यास ब्लूटूथचा बिनतारी इअरफोन जोडतात. डिस्कवरील संगीतास सेकंदास सुमारें १,४११ किलोबिटांची वाट लागते. ब्लूटूथवर नांवाजलेली एलडॅक पद्धति फार तर ९९० देते. गंगेचें पाणी चांदीच्या घागरींत भरावें आणि गाळणींतून प्यावें, त्यांतलाच हा प्रकार.

आवाजांतील मोठा फरक इअरफोनचा व हेडफोनचा असतो, आणि त्याहून मोठा मूळ ध्वनिमुद्रणाचा. त्याहूनही मोठा ऐकणाऱ्याचा. भीमसेन जोशी लहान असतां त्यांनीं अब्दुल करीम खां यांच्या ठुमरीची तबकडी एका दुकानांत ऐकली, आणि १९३३ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, ते गुरूच्या शोधांत घर सोडून निघाले. ती मिनिटाला ७८ फेऱ्या घेणारी, तीन मिनिटांत संपणारी तबकडी! त्या काळच्या ध्वनिमुद्रणांत दर सेकंदास पांच-सहा हजार कंपनांपलीकडचें क्वचितच उतरत असे, आणि सुईची खरखर होती ती निराळीच. नमुने किती व बिट किती, याची चौकशी न करतां त्या मुलानें सूर ऐकला.

हा केवळ पैशांचा प्रश्न असता तर आम्ही इतकें लिहिलें नसतें. मोठा आवाज तो चांगला आवाज, हा या परीक्षणांनीं पसरविलेला भ्रम कानांवरच उठतो. लोकलच्या खडखडाटांत ऐकणारा तरुण गाडीवर मात करण्यासाठीं आवाज चढवितो. जागतिक आरोग्य संघटनेनें घालून दिलेली मर्यादा ८० डेसिबल, आठवड्यास ४० तास अशी आहे. आवाज तीन डेसिबलांनीं चढला कीं हे तास निम्मे होतात. कानाच्या आंतील सूक्ष्म केशपेशी एकदां मेल्या कीं मनुष्यांत पुन्हां उगवत नाहींत. बाकीचीं सर्व यंत्रें दुकानांत मिळतात. हें एक मिळत नाहीं.

म्हणून परीक्षकांस आमचें एवढेंच मागणें आहे. दोन यंत्रांची तुलना छापतांना आवाज मोजून समान केला होता कीं नाहीं, यंत्रें झांकलीं होतीं कीं नाहीं, आणि किती फेऱ्यांत किती उत्तरें बरोबर आलीं, या तीन गोष्टी पहिल्या परिच्छेदांत सांगाव्या. त्यानंतर मखमल, ऊब व काळोख यांविषयीं हवें तितकें लिहावें. आम्ही आवडीनें वाचूं. आणि वाचकांस मागणें असें कीं, ज्या परीक्षणांत या तीन गोष्टी नाहींत तें जाहिरात समजून बाजूस ठेवावें, आणि मुलानें असें यंत्र मागितलें तर नाहीं म्हणण्यापूर्वीं घरांतला एक टॉवेल त्याच्या हातीं द्यावा.