झाड कोणाचे, सावली कोणाची?

शेतातील झाड हे पिकाचे वैरी, हा समज अगदीच निराधार नाही. सावलीत ज्वारीची ताटे खुरटतात, बाभळीची मुळे ओलावा ओढतात आणि बांधालगतची दोन तासे वाया जातात. तरीही जुन्या पिढ्यांनी बांधावर बाभूळ राखली; कारण औतांना लाकूड, कुंपणाला काटे, शेळ्यांना शेंगा आणि चुलीला सरपण तिच्यापासूनच मिळे. आजची तूट आणि उद्याचा लाभ यांचा तो हिशेब होता. उद्याचा लाभ आपल्याच पदरात पडेल, ही शाश्वती त्याच्या मुळाशी होती. कृषिवनिकीचा सारा प्रश्न याच शाश्वतीपाशी येऊन ठेपतो.

पश्चिम आफ्रिकेतील नायजर देशाचा अनुभव या दृष्टीने उद्‌बोधक आहे. फ्रेंच अमदानीत तेथील झाडे सरकारी मालमत्ता ठरली आणि १९६० मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यावरही वनखात्याची दृष्टी पालटली नाही. स्वतःच्या शेतातील झाड तोडल्यास दंड होत असे. मग झाड वाढवायचे कोणासाठी? शेत साफ करताना कोंभही छाटले जात. १९८३ च्या सुमारास मराडी भागात टोनी रिनॉडो या ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञाने जमिनीत जिवंत राहिलेल्या बुंध्यांकडे लक्ष वेधले. बुंध्याला फुटणारे मोजके कोंभ राखावेत, बाकीचे छाटावेत आणि भोवती बाजरी पेरावी, इतकीच ही पद्धत. तेथील 'गाओ' वृक्ष तर पावसाळ्यात पाने गाळतो. त्यामुळे बाजरीला ऊन मिळते आणि कोरड्या दिवसांत गुरांना शेंगा. वनखात्याने दंडाचा बडगा आवरता घेतला आणि हे झाड आपले, असा विश्वास शेतकऱ्याला वाटू लागला, तेव्हा ही पद्धत सुमारे ५० लाख हेक्टरांवर पसरली. सरकारने फर्मान काढून तिला रीतसर चौकट दिली ती २०२० मध्ये; शेतकरी कितीतरी पुढे निघून गेला होता.

भारताने फेब्रुवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय कृषिवनिकी धोरण स्वीकारले. असे धोरण आखणारा हा जगातील पहिला देश. परंतु धोरण एकीकडे आणि तोडणीचा परवाना दुसरीकडे, अशी स्थिती आहे. महाराष्ट्रात १९६४ च्या कायद्यानुसार साग, खैर, मोह, चिंच अशी अनुसूचित झाडे खासगी जमिनीवर असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. अर्ज, पाहणी, वाहतूक पास या खेपांत जाणारे दिवस हाही झाडाचा उत्पादनखर्चच होय. आणि लहान शेतकऱ्याला तो सर्वांत जड जातो.

निर्बंध सैल केल्यास जंगलातील चोरटे लाकूड शेतातील म्हणून विकले जाईल, ही भीती रास्त आहे. पण तिच्यावरचा उपाय तोडणीच्या वेळी अडवणूक करणे हा नव्हे, तर लागवडीच्या वेळीच नोंद करणे हा आहे. जून २०२५ मध्ये केंद्राने राज्यांना पाठविलेल्या आदर्श नियमावलीचा रोखही नोंदणीकडेच आहे. सात-बारावर पिकाची नोंद होते, तशी झाडाचीही विनासायास व्हावी आणि नोंदलेले झाड तोडण्यास वेगळी याचना करावी लागू नये.

वृक्षारोपणाचे सप्ताह साजरे करून शेते हिरवी होत नाहीत. सावलीमुळे येणारी तूट शेतकरी सोसणार असेल, तर लाकडावरचा हक्कही निर्विवादपणे त्याचाच असला पाहिजे.