आमची छपरी, तुमची छपरी

ऑफिसात कुणाला 'छपरी' म्हणून बघा, प्रकरण एचआरपर्यंत जाईल! आमच्या भंडारा जिल्ह्यात मात्र छपरी म्हणजे जुन्या घराची पुढची ओसरी. कवेलूंचं उतरतं छप्पर, लाकडी खांब, समोर अंगण. पेपर, पाहुणे, भांडणं, धानाची पोती, सगळं तिथेच.

2025च्या मे महिन्यात वादळ आलं आणि पवनीजवळ माझ्या आजोळी चिंचेची भलीमोठी फांदी छपरीवर कोसळली. एक खांब मोडला, दुसरा तिरपा झाला आणि अर्ध्याअधिक कवेलूंचा चुरा. सत्तरीतले मामा तिथे एकटेच राहतात. ते आत होते म्हणून बचावले.

मग काय, फॅमिली ग्रुपवर कॉन्फरन्स सुरू! पुण्याचा भाऊ म्हणाला, "स्लॅब टाकून देऊ, कारही उभी राहील." बंगळुरूची ताई म्हणे, "टिनाचे पत्रे, एका दिवसात काम खल्लास." मामांचा व्हॉइस मेसेज आला : "कवेलूचीच करू न बाप्पा."

मला आधी वाटलं, म्हातारपणाचा हट्ट. पण सुताराशी बोलले आणि हिशेब कळला. चार इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास. मातीच्या भिंतीला ते पेलवत नाही. म्हणजे नवे कॉलम आणि दर्शनी भिंतही गेली. पत्र्याखाली मेच्या पंचेचाळीस डिग्रीत बसून दाखवा! शिवाय छपरी तीन बाजूंनी उघडी. वारा खालून घुसतो आणि नीट न बांधलेला पत्रा अख्खाच उडवतो. कवेलू नुसते रचलेले असतात. फांदी पडली की तेवढेच फुटतात, तेवढेच बदलता येतात.

एक प्रॅक्टिकल टिप : ढिगारा उचलण्याआधी फोटो काढा आणि तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. 2022 ते 2026 साठीच्या केंद्राच्या निकषांत किमान 15 टक्के पडझड झालेल्या कच्च्या घराला 4,000 रुपये होते. तुमच्या एका वीकेंडचा खर्च, माहितीये. तरी घ्या. आणि उरलेलं झाड रागाच्या भरात तोडू नका. चिंच, आंबा, मोह, साग ही झाडं स्वतःच्या अंगणातली असली तरी 1964च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगी लागते.

खांब सुताराने बसवले, तिरप्याचा कुजलेला बुड कापून खाली दगड दिला. गावात कवेलू आता कुणी घडवत नाही. शेजारच्या गल्लीत घरकुलासाठी जुनं घर पाडलं होतं, त्यांचा ढीग मिळाला. वापरलेले, शेवाळलेले, पण खणखणीत.

खरा प्रश्न पुढेच होता. कवेलू दरवर्षी पावसाआधी फेरावे लागतात. म्हणजे उतरवायचे, फुटके काढायचे, पुन्हा रचायचे. फेरणारी माणसं थकली, त्यांची मुलं नागपूरला कामाला. मामांनी ग्रुपवर एवढंच विचारलं, "मी चढत नाही आता. दरसाल कोन येऊन राहिलं?"

ब्लू टिक सगळ्यांच्या. उत्तर दोन दिवस कुणाचंच नाही. स्लॅबवाला भाऊ तर ऑफलाइनच! तिसऱ्या दिवशी ताईने मेमधले चार दिवस लीव्हसाठी टाकल्याचा स्क्रीनशॉट पाठवला. खाली मी माझ्या तारखा लिहिल्या. भावाने अंगठा दाखवलाय. तो 'येतो'चा की 'शाब्बास'चा, हे मामांनी मला विचारलं. मी त्यालाच फोन लावायला सांगितलंय.