‘कबूल है’च्या आधी

खांदा कॉलनीत आपाकडे गेले होते. सोळा वर्षांची भाची मोबाइलवर ‘कुझु नो होनकाई’ पाहत होती; २०१७ सालची, १२ भागांची जपानी ॲनिमे मालिका. आपाने फोन हिसकावून घेतला. नंतर मी ती सगळी पाहिली.

हानाबी आणि मुगी शाळकरी. दोघांचा जीव आपापल्या शिक्षकांवर. ते मिळणार नाहीत म्हणून दोघं एकमेकांना बदली म्हणून वापरतात. मिठीत एक, मनात दुसरं. दृश्यं धीट आहेत, या वयासाठी नाहीतच, इथवर आपाचं बरोबर. पण फोन काढून घेतल्याने प्रश्न संपतो का? आपण कुणाला तरी हवे आहोत, हे कळल्याशिवाय हानाबीला स्वतःची किंमतच वाटत नाही. हे दुखणं काय फक्त जपानचं आहे?

आपल्याकडे निकाहात मुलीची कबुली विचारतात. त्याआधी तिला काय हवं, काय नको, हे किती घरांत विचारलं जातं? १९६६ साली हमीद दलवाईंनी सात महिलांचा मोर्चा काढला, तेव्हापासून आपण तलाकवर बोलतोय. सोळाव्या वर्षाच्या मनावर नाही बोललो. मीही नाही.

परवा भाचीनेच विचारलं, “खाला, ती त्याला नको का म्हणत नाही?” आपा तिथेच भाजी निवडत होती. उठून गेली नाही.