पेढीवर कॅमेरा आला तर बिघडले काय?

मागील वर्षी दिवाळीच्या हंगामात माझ्या पेढीवरून रंगीत साड्यांच्या चार गाठी विदर्भातील एका पार्टीकडे रवाना झाल्या. ऑर्डर फोनवरच्या व्हिडिओवरून आली होती. तो व्हिडिओ मी स्वतः काढला होता, रात्री ट्यूबलाइटखाली, साडी गादीवर पसरून. सतरा दिवसांनी चारही गाठी परत आल्या. ‘दाखवला मेहंदी, पाठवला पोपटी,’ अशी पार्टीची तक्रार. माल तोच होता, पण भांडणार कोणत्या तोंडाने? येण्याजाण्याचे भाडे माझ्या अंगावर बसले आणि हंगाम गेला तो वेगळाच.

घरी हे बोललो तेव्हा धाकटी मुलगी म्हणाली, ‘अब्बा, तुम्ही व्हाइट बॅलन्स बघितलाच नसेल.’ ती कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. तिथली दहा-बारा मुले-मुली दर रविवारी जमून एका जुन्या कॅमेऱ्यावर आणि आपापल्या फोनवर चित्रीकरण शिकतात. दोन महिन्यांपूर्वी मीच तिचे तिथे जाणे बंद केले होते. ‘हा लग्नघरचा धंदा आहे, आपल्या घरातला नव्हे,’ असे मी बोललो होतो. त्या शब्दांचा मालही आता परत आला आहे, असे वाचकांनी समजावे.

मी उर्दू शाळेत शिकलेला माणूस. मराठी आणि हिशेब दोन्ही बाजारात शिकलो. पण मुलीने जे सांगितले ते मला लगेच उमगले, कारण ते आपल्याच धंद्यातले आहे. आमचे वडील रंगाचा माल दिव्याच्या उजेडात कधी पास करीत नसत. ताका उचलून ओट्यावर, सकाळच्या उजेडात नेत. पिवळ्या बल्बखाली रंग तांबूस दिसतो, काही ट्यूबखाली हिरवट. आपला डोळा हा फरक सांभाळून घेतो. कॅमेऱ्याला मात्र पांढरे कोणते ते दाखवावे लागते. पांढरा कागद समोर धरून त्यावर रंग जुळवला की पुढचे रंग ठिकाणावर येतात. दोन मिनिटांचे काम आहे.

दुसरी गोष्ट पांढऱ्या मालाची. पडदा भरून पांढरे कापड दिसले की फोन आपण होऊन उजेड कमी करतो आणि शुभ्र कापड राखाडी दिसते. काळ्या कापडाचे उलट, ते विटल्यासारखे दिसते. पडद्यावर बोट दाबून धरावे, उजेड हाताने कमीजास्त करावा. बारीक चौकड्याच्या लुंगीवर तर पडद्यात लाटा उठतात. गिऱ्हाइकाला वाटते विणकरच चुकला. फोन थोडा मागे घेतला किंवा कोन बदलला की लाटा जातात. ट्यूबलाइटखाली पट्टे सरकताना दिसतात तेही विजेमुळे. आपली वीज पन्नास सायकलची, म्हणून शटर सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेवावे. हे सर्व त्या मुलांना येते. आपल्या मुनीमजींना येत नाही, मलाही येत नव्हते.

काही मंडळी म्हणतील, मालेगावात आधीच सिनेमाचे वेड काय कमी आहे? आहे, आणि मला त्याची शरम नाही. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला. पुढे यंत्रमागावर राबणारा शफीक शेख आमचा सुपरमॅन झाला. फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये त्यावर माहितीपट केला आणि अलीकडे मुंबईवाल्यांनी मोठा चित्रपटही काढला. सायकलवर कॅमेरा फिरवून केलेले काम जगाने पाहिले. पण त्या हुनराचा धागा आमच्या कापडाच्या धंद्यात कुणी ओवला नाही, ही माझी खंत आहे. दादासाहेब फाळके आपल्याच जिल्ह्यातील, त्र्यंबकेश्वरचे. १९१२ साली कॅमेरा आणला तेव्हा सिनेमाला पैसा नव्हता. त्यांनी कुंडीतला वाटाणा उगवताना टिपला आणि ती छोटी फिल्म दाखवून भांडवल मिळवले.

आता त्या मुलांनाही दोन शब्द. तुम्ही कॅमेरा हातात आला की गाणे जोडायला धावता. आधी दहा सेकंद हात न हलवता एक ताका दाखवा. फोन आडवा धरा, काच पुसा, पदर उलगडताना सावकाश फिरा म्हणजे कापडाचा लोळ दिसेल. कारखान्यात बोलणे नकोच. मागाच्या खडखडाटात कॉलरचा माइकही थकतो. माहिती बाहेर बोलून घ्या. मागावरच्या कारागिराला विचारल्याशिवाय त्याचा चेहरा घेऊ नका. तो तुमच्या फिल्मचा फुकटचा नट नाही. धोटा उडतो, पट्ट्यात ओढणी अडकते, हे मुलींनी विसरू नये.

आणि पेढीवाल्यांनो, ‘शिकताहेत ना, मग पैसे कशाला’ ही आपली जुनी खोड इथे चालवू नका. दलालाची दलाली आपण बिनतक्रार देतो. ज्याच्या व्हिडिओवर ऑर्डर येते त्याला मात्र चहा पाजून वाटेला लावतो, हा कुठला हिशेब? ट्रायपॉड, एक माइक, दोन दिवे, एवढी सामग्री चार पेढ्यांनी मिळून सहज घेता येईल.

मुलगी पुन्हा रविवारी जाऊ लागली आहे. मागच्या आठवड्यात तिच्या गटाने माझ्या पेढीवर, सकाळी नऊ वाजता, ओट्यावर, त्याच परत आलेल्या साड्या पुन्हा चित्रित केल्या. मी लॉटमागे पाचशे रुपये ठरवले. तिने वडिलांकडून घेणार नाही म्हणून सांगितले, बाकीच्यांनी घेतले. दोन गाठी खपल्या आहेत. उरलेल्या दोन पाहायच्या असतील तर ओट्यावर या, पण दुपारच्या आत.