भोगलेल्या शिक्षेला मुदत हवी

चंडीगडच्या सेक्टर 39 मधल्या एखाद्या रहिवाशाला कॅनडात स्थायिक व्हायचं असेल, तर पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेटसाठी तो सेक्टर 34 च्या विभागीय पासपोर्ट कार्यालयाकडे अर्ज करतो, पाचशे रुपये भरतो आणि पडताळणीचे कागद त्याच्याच सेक्टरच्या पोलिस ठाण्यात येतात. नावावर काही नसेल तर विषय तिथेच मिटतो. पण याच शहरात रात्री दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठी पोलिसांचे नाके लागतात. रक्ताच्या शंभर मिलिलिटरमागे तीस मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं की चलन फाटतं आणि प्रकरण सेक्टर 43 च्या जिल्हा न्यायालयात जातं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 खाली पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. आरोपी सहसा गुन्हा कबूल करतो, दंड भरतो, फार तर कोर्ट उठेपर्यंतची कैद बसून काढतो आणि घरी येतो. त्याच्या लेखी प्रकरण संपलेलं असतं. कॅनडाच्या लेखी ते तेव्हा सुरू होतं. तिथला कायदा आपल्या न्यायाधीशाने किती शिक्षा दिली हे पाहत नाही. तोच गुन्हा कॅनडात घडला असता तर जास्तीत जास्त किती शिक्षा झाली असती, हे पाहतो. 18 डिसेंबर 2018 पासून तिथे नशेत गाडी चालवण्याची कमाल शिक्षा पाच वर्षांवरून दहा वर्षांवर गेली आणि हा गुन्हा ‘गंभीर’ सदरात जाऊन पडला. आधी असा एकच जुना गुन्हा असलेला माणूस शिक्षा पुरी होऊन दहा वर्षं सरली की आपोआप प्रवेशास पात्र धरला जायचा. त्या तारखेनंतरच्या गुन्ह्याला ती सवलत नाही. शिक्षा पुरी झाल्यावर पाच वर्षं थांबायचं, मग पुनर्वसनाचा वेगळा अर्ज हजार डॉलरहून जास्त फी भरून करायचा आणि निकालाची वाट पाहायची.

नशेत गाडी चालवणं क्षुल्लक आहे, असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्याने माणसं मरतात आणि त्याला कडक शिक्षा व्हायलाच हवी. माझं म्हणणं एवढंच, की न्यायालयाने दिलेली शिक्षा माणसाने भोगली आणि त्यानंतर बरीच वर्षं तो सरळ वागला, तर त्या वर्षांना व्हिसाच्या खिडकीवर वजन असलं पाहिजे. कॅनडाने ते कमी केलं असलं तरी दार बंद केलेलं नाही. ब्रिटनने मात्र केलं. 2020 च्या डिसेंबरपर्यंत तिथल्या नियमांत पायऱ्या होत्या. चार वर्षं किंवा त्याहून मोठी कैद झालेल्याला कायमची मनाई, एक ते चार वर्षांच्या कैदेला दहा वर्षांची, एका वर्षाच्या आतल्या कैदेला पाच वर्षांची. 1 डिसेंबर 2020 पासून बारा महिने किंवा जास्त कैद झालेल्या प्रत्येकाचा अर्ज फेटाळायचा, असा सरसकट नियम आला. शिक्षा 1985 ची असो वा 2022 ची, अधिकाऱ्याला वर्षं मोजायची गरजच उरली नाही.

मराठी वाचकाला याचं सर्वांत ओळखीचं उदाहरण संजय दत्त यांचं. 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात विशेष न्यायालयाने त्यांना दहशतवादी कटाच्या आरोपातून मोकळं केलं, बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल दोषी धरलं. मार्च 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवून कैद सहावरून पाच वर्षांवर आणली आणि 25 फेब्रुवारी 2016 रोजी ती पुरी करून ते येरवड्यातून बाहेर आले. 2024 च्या ऑगस्टमध्ये ‘सन ऑफ सरदार 2’ च्या चित्रीकरणासाठी त्यांना ब्रिटनला जायचं होतं. आधी दिलेला व्हिसा नंतर रद्द केला गेला, अशी तक्रार त्यांनी जाहीरपणे केली. मुंबईतल्या स्फोटांनी शेकडो घरं उद्ध्वस्त केली आणि त्या काळात घरात रायफल ठेवणाऱ्याबद्दल हळवं होण्याचं कारण नाही. पाच वर्षांची शिक्षा असल्याने ब्रिटनच्या जुन्या पायऱ्यांतही ते अडलेच असते. हे उदाहरण मी घेतो ते वेगळ्या कारणासाठी. एवढा मोठा नट, हाताशी वकील आणि निर्मात्याची यंत्रणा असूनही ऐन चित्रीकरणाच्या तोंडावर अडकतो, तर तरुणपणी गावच्या मारामारीत दीड वर्षाची शिक्षा भोगलेल्या आणि आज साठीत असलेल्या बापाने लेस्टरला लेकीच्या बाळंतपणासाठी जायचं कसं? जुन्या पायऱ्यांत त्याला वाट होती. नव्या नियमात नाही.

काळाला वजन द्यावं, हा काही हळव्या मनाचा हट्ट नव्हे. आपल्याच कायद्यांनी ते दिलेलं आहे. पासपोर्ट कायदा 1967 चा. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षांहून कमी नाही अशी कैद झाली असेल, तर अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांपुरतं पासपोर्ट नाकारता येतो, असं कलम 6 सांगतं. लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली दोन वर्षांची कैद झालेला माणूस सुटकेनंतर सहा वर्षं निवडणुकीला अपात्र राहतो. सातव्या वर्षी तो लोकसभेत बसून देशाचे कायदे करू शकतो. अभ्यासकांनीही हे मोजून पाहिलं आहे. आल्फ्रेड ब्लमस्टीन आणि किमिनोरी नाकामुरा यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या 1980 च्या अटकांच्या नोंदी तपासल्या आणि 2009 मध्ये निष्कर्ष मांडले. अठराव्या वर्षी लुटीसाठी पकडला गेलेला माणूस नंतर पुन्हा पकडला गेला नाही, तर पावणेआठ वर्षांच्या सुमारास त्याच्याकडून असलेला धोका त्याच वयाच्या सर्वसाधारण माणसाइतका होतो. घरफोडीत हा काळ चार वर्षांच्याही आत भरतो. मग वीस वर्षांपूर्वीच्या निकालावरून आजचा धोका ठरवायचा, याला आधार कसला?

पहिला आक्षेप ठरलेला असतो: घर त्यांचं, कुणाला आत घ्यायचं ते त्यांनी ठरवावं. ते खरंच आहे. परक्या देशात शिरण्याचा हक्क कुणालाच नाही. मनेका गांधी खटल्यात 1978 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवास व्यक्तिस्वातंत्र्यात धरला, पण तो आपल्या सरकारपुरता. त्या निकालाने लंडनचं दार उघडत नाही. तरी नाकारण्याचा हक्क असणं वेगळं आणि अर्ज न वाचता नाकारणं वेगळं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लाखो अर्ज येतात, प्रत्येकाचं आयुष्य कोण तपासणार, सरळ आकडा ठेवला की भेदभावाला जागा राहत नाही. त्याला उत्तर अमेरिकेकडे आहे, आणि अमेरिका काही सैल देश नव्हे. तिथल्या अर्जात अटक झाली होती का हेही विचारतात, माफी मिळाली असली तरी सांगा म्हणतात. तरीही तात्पुरत्या प्रवासासाठी सूट मागता येते, आणि 1978 च्या एका निवाड्याने तिच्यासाठी तीन कसोट्या घालून दिल्या: आत घेतल्यास समाजाला धोका किती, जुना गुन्हा किती गंभीर, येण्याचं कारण काय. एवढ्या अर्जांच्या रेट्यात अमेरिकेला हे जमतं, तर ब्रिटनलाही जमेल. आकडाच हवा असेल तर जुन्या पायऱ्या परत आणाव्यात. त्याही आकडेच होत्या.

सरसकट मनाईचा सर्वांत वाईट परिणाम खरं बोलणाऱ्यावर होतो. सांगितलं तर नक्की नकार आणि लपवलं तर कदाचित मंजुरी, अशी मांडणी झाली की एजंट ‘नाही’ च्या चौकटीत खूण करायला सांगतो. पर्यटकाच्या व्हिसाला पोलिसांचा दाखला सहसा मागत नाहीत, त्यामुळे तो सल्ला काही काळ खपूनही जातो. पण आपल्या ठाण्यांच्या नोंदी आता सीसीटीएनएस या देशभरातल्या पोलिस ठाण्यांच्या संगणकीय जाळ्यात आहेत, आणि पुढे स्थायिक होण्यासाठी अर्ज केला की जुना कागद वर येतो. मग खोट्या माहितीबद्दल कॅनडात पाच वर्षं बंदी, ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंत, अमेरिकेत सूट न मिळाल्यास कायमची. जुन्या गुन्ह्याला कदाचित वाट मिळाली असती. खोट्याने ती घालवली. म्हणून नियम कितीही अन्यायाचा वाटला, तरी अर्जात खरंच लिहावं, असं मी आग्रहाने सांगेन.

आपल्या सरकारनेही परदेशांकडे बोट दाखवून थांबू नये. ब्रिटनने 1974 मध्ये कायदा करून देशातल्या बहुतेक नोकऱ्यांपुरती जुनी शिक्षा ठरावीक काळानंतर ‘सरलेली’ मानली. आपल्याकडे 2015 च्या बाल न्याय कायद्याने मुलांची नोंद नष्ट करण्याची सोय केली, 1958 च्या परिवीक्षा कायद्याने चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटलेल्याची अपात्रता काढली. सज्ञान माणसाने दंड भरला किंवा कैद भोगली, तर त्याच्या नोंदीला शेवट नाही. किरकोळ गुन्ह्यांसाठी तो शेवट संसदेने कायद्यात लिहावा. परदेशी अधिकारी तो मानेलच असं नाही, पण शिक्षा कधी सरली याचा सरकारी कागद अर्जदाराच्या हाती असेल. आणि कबुली नोंदवण्याआधी न्यायालयाने दोन वाक्यांत सांगावं, की ही कबुली म्हणजे दोषसिद्धी आहे आणि परदेशात ती विचारली जाते. ‘दंड भरा आणि मोकळे व्हा’ हा सल्ला देणाऱ्या वकिलावरही हे सांगण्याची जबाबदारी आहे.

ज्यांच्या नावावर असा जुना निकाल आहे, त्यांनी निकालपत्राची, दंडाच्या पावतीची आणि शिक्षा पुरी झाल्याच्या दाखल्याची प्रमाणित प्रत आताच काढून ठेवावी. पुनर्वसनाचा किंवा सूट मागण्याचा कुठलाही अर्ज त्यांच्यावाचून पुढे सरकत नाही, आणि आपली न्यायालयं जुन्या फौजदारी खटल्यांची कागदपत्रं ठरावीक वर्षांनी नष्ट करतात.