गोड्या पाण्याची वाट

वऱ्हाडात पळण्यासारखे काय आहे, असा प्रश्न पुण्याच्या एका स्नेह्यांनी मला परवा फोनवर विचारला. हे गृहस्थ दर रविवारी रंगीत बूट चढवून डोंगराच्या रोखाने दहा-बारा किलोमीटर पळतात, आणि पावले किती पडली, काळजाचे ठोके किती झाले, हा सारा हिशेब मनगटावरचे घड्याळ त्यांना देत असते. त्यांच्या लेखी वऱ्हाड म्हणजे सपाट काळी जमीन, वर ऊन आणि मध्ये कपाशी. उन्हाचे म्हणाल तर मी वाद घालणार नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो. त्या दिवसांत सकाळी सातनंतर पळणाऱ्याला कोणी शहाणा म्हणणार नाही. जमिनीबाबत मात्र त्यांनी नकाशा खालच्या अर्ध्यापर्यंतच उलगडलेला दिसतो.

उत्तरेला सातपुडा आहे. त्यातल्या गाविलगडच्या रांगेला धरून पायथ्याने गावांची एक ओळ गेली आहे. अकोला जिल्ह्यातले अडगाव आणि अकोट, अमरावती जिल्ह्यात शिरल्यावर अंजनगाव, पथ्रोट, अचलपूर, त्याला लागून परतवाडा, आणि पुढे बैतूलच्या रस्त्यावरचे बहिरम. ही वाट मी एका दमात पळालेलो नाही आणि पळणारही नाही. चाळिशी उलटलेल्या मराठीच्या प्राध्यापकाला तेवढी ईर्ष्या शोभत नाही. तुकड्यातुकड्याने मात्र गेल्या सहा वर्षांत बहुतेक पायांखाली घातली आहे.

गावे याच ओळीत का बसली, हे पळू लागल्यावर कळते. मोटारीत बसून कळत नाही. दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतली शेकडो गावे त्यात येतात. तिथे विहिरीला पाणी लागते, पण ते प्यायच्या लायकीचे नसते, पिकालाही मानवत नाही. वरची जमीन रेगड. पावसाळ्यात तीत पाऊल टाकले की प्रत्येक बुटाला शेर-दोन शेर माती चिकटते आणि दहा पावलांत माणूस गाळातल्या म्हशीसारखा चालू लागतो. उन्हाळ्यात हाच चिखल वाळून भेगाळतो आणि घोटा मुरगळतो. डोंगराच्या अंगाला मात्र वान, शहानूर, चंद्रभागा, सापन अशा नद्या उतरतात आणि उतरताना गोटे, वाळू, मुरूम पसरून ठेवतात. पाऊस थांबला की थोड्या वेळात तिथली जमीन पाऊल घेऊ लागते. पाणी गोडे. वान धरणाचे पाणी आता नळाने खारपाणपट्ट्यातल्या खेड्यांत जाते ते याचसाठी.

जे पळणाऱ्याला लागते तेच बैलाला, व्यापाऱ्याला आणि फौजेलाही लागते. १४९० च्या सुमारास फतेहुल्ला इमादशाहाने बहमनी सत्तेपासून वेगळे होऊन वऱ्हाडची सुलतानी उभी केली, तिची राजधानी याच ओळीतले अचलपूर. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने ती गिळली, तरी गावाचा तोरा गेला नाही. आजही दुल्हा दरवाजातून निघून जुन्या वेशींच्या कडेने अष्टकोनी हौज कटोऱ्यापर्यंत पळत जावे. पहाटे पळणाऱ्याच्या वाटेत फक्त दूधवाले आणि कुत्री येतात, आणि शाळेत पाठ केलेल्या शाह्यांची नावे न बोलावता आठवू लागतात.

पण या वाटेचा खरा महिना १८०३ सालचा. २९ नोव्हेंबरला अडगावच्या मैदानात आर्थर वेलस्लीने भोसल्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा मोड केला. तिथून तो अचलपूरला आला, कारण भोसल्यांचा गाविलगड अजून उभा होता. गडाच्या दक्षिणेचा कडा चढण्यासारखा नाही. म्हणून कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी डोंगरातून वळसा घालून उत्तरेकडे पाठवली. सुमारे तीस मैल, आणि रस्ता नाही. ७ डिसेंबरला निघालेली ही तुकडी १२ तारखेला लबाड्याला पोचली. रस्ता शिपायांनीच फोडला आणि अवजड तोफा दोरखंडांनी हातांनी ओढून नेल्या. १५ डिसेंबरला गड पडला. १७ तारखेला भोसल्यांनी देवगावला तह केला, ३० तारखेला शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावला. अडगावपासून अंजनगावपर्यंत अंतर पन्नास किलोमीटरसुद्धा नाही. तेवढ्यात मराठी राज्याचे दोन खांब महिनाभरात वाकले. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तो हाच वेलस्ली. आमच्या पाठ्यपुस्तकांत वॉटर्लू सविस्तर आणि अडगाव दोन ओळींत, ही तक्रार मी वर्गात नेहमी करतो.

अंजनगावच्या आसपास पळताना मला वेलस्लीपेक्षा दुसराच माणूस आठवतो. तालुक्यातले शेंडगाव हे गाडगेबाबांचे जन्मगाव, साल १८७६. १९०५ मध्ये घर सोडल्यापासून १९५६ मध्ये वलगावजवळ देह ठेवीपर्यंत हा माणूस चालत राहिला, आणि ज्या गावात पोचला ते झाडून काढले. आपण पळतो, घामाघूम होतो आणि पाण्याची रिकामी बाटली बांधावर भिरकावून देतो. असो.

पळणाऱ्यांसाठी तीन वाटा सांगतो. अकोटाहून पोपटखेडकडे जाणारी पहिली. डावीउजवीकडे शेते, समोर नरनाळ्याचा डोंगर हळूहळू मोठा होत जातो. शहानूर गावाच्या वर किल्ल्याचा महाकाली दरवाजा आहे, १४८७ सालचा. पण तिथून अभयारण्य सुरू होते, तेव्हा पळण्याचा हट्ट पायथ्यालाच सोडावा. दुसरी परतवाड्याहून धामणगाव गढीची. गढीनंतर चिखलदऱ्याचा घाट लागतो. वर चढताना छाती भरून येते, परंतु गुडघे दुखतात ते उतरताना, हे ध्यानात ठेवावे. शिवाय पहाटेची वेळ अस्वलाची आणि बिबट्याची. लख्ख उजाडल्यावाचून घाटात शिरू नये. तिसरी अमरावतीकरांसाठी, छत्री तलावावरून पोहऱ्याच्या टेकड्यांकडे. व्यायामाची अमरावतीला जुनी सवय आहे. तिथले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे, आणि १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने आपले देशी खेळ तिथे करून दाखवले होते.

हे झाले हौसेने पळणाऱ्यांचे. या वाटेवर बहुसंख्य पळणारे हौशी नाहीत.

मराठीत धावणे आणि पळणे असे दोन शब्द आहेत. आपण कोणाच्या मदतीला धावतो आणि संकट आले की पळतो. आमच्याकडे खेड्यात जास्त ऐकू येतो तो ‘पयणे’. त्यात मदतीला जाणे आणि जीव घेऊन सुटणे दोन्ही मावते. माझ्या बीएच्या वर्गातला एक मुलगा पहिल्या तासाला नेहमी उशिरा येई. कारण विचारले तर म्हणाला, “सर, पयाले गेलतो जी.” मागच्या बाकावरून आणखी चौघे हसले. तेही पयाले गेलते.

ही सारी मुले भरतीची. पोलीसभरतीत मैदानी चाचणीचे ५० गुण असतात. त्यातले २० एकट्या धावण्याचे. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. मुलाने पाच मिनिटे दहा सेकंदांत आणि मुलीने दोन मिनिटे पन्नास सेकंदांत अंतर कापले तर पुरे वीस. पुढे प्रत्येक चुकलेल्या सेकंदाला किंमत आहे. पूर्वी मुलांना पाच किलोमीटर पळावे लागे. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईच्या भरतीत उन्हात पळताना काही तरुण दगावले, तेव्हा अंतर कमी झाले. खुल्या वर्गाला वयाची अट २८, मागासवर्गीयांना ३३. सैन्यात २०२२ पासून अग्निवीर आले. चार वर्षांनी त्यांतले फार तर पंचवीस टक्के कायम होणार. तरीही मुले पळतात. कोरडवाहू चार एकरांत दोन भाऊ असले की एकाने पळायचेच असते.

आणि पळतात कुठे? हमरस्त्याच्या कडेला, पांढऱ्या पट्ट्यावर, अंधारात. गावात बंदिस्त मैदान आहे, पण त्याचे फाटक सातला उघडते आणि सातला मुलांना घरी गुरांची धार काढायची असते. माझा एक जुना विद्यार्थी गेल्या हिवाळ्यात असाच पळत होता. कपाशीने भरलेल्या ट्रॉलीचा मागून धक्का लागला. पायाचे हाड मोडले, पुढे जुळलेही. पण त्याला २८ लागायला पाच महिने उरले होते, आणि ते पाच महिने खाटेवर गेले. मी भेटायला गेलो तेव्हा त्याने दुखण्याविषयी चकार शब्द काढला नाही. “सर, औंदा वेळ बसत होती जी,” एवढेच म्हणाला.

त्यानंतर मी वर्गातल्या मुलांना पायथ्याच्या पांदणी दाखवल्या. पांदण म्हणजे शेताशेतांतून गेलेली जुनी गाडवाट. दक्षिणेकडच्या पांदणींत पावसाळ्यात बैलही रुततो. डोंगराकडच्या मुरमाच्या असतात, दोन्ही अंगांना संत्र्याचे बगीचे, ट्रॉली नाही, दिवे नाहीत. इतिहास मी पुस्तकांतून सांगत होतो, त्याचा असा उपयोग होईल हे ध्यानीमनी नव्हते. अडचण एकच निघाली. आंबिया बहार उतरणीला येतो तो याच दिवसांत, आणि अंधारात दहा-बारा पोरे बगीच्याच्या कडेने पळताना दिसली की धनी त्यांना संत्राचोर ठरवतो. पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने काठी आडवी घातली. “काऊन पयता रे पोट्टेहो? कोन लागलं मांगं?”

एक मुलगी पुढे झाली. ती रोज भावाबरोबर येते. हा भाऊ मोटारसायकलचा दिवा तिच्या मागे धरून चालवत असे. ती म्हणाली, “बाबा, मांगं कोनी नाई. पोलिसात जाच हाय.”

म्हातारा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, किती पळावे लागते. ८०० मीटर म्हणजे किती, हे त्याला फुटांत आणि पावलांत सांगून उमजेना. दुसऱ्या दिवशी मुलांनी पन्नास मीटरचा दोर आणला आणि म्हाताऱ्याच्या देखत पांदण मोजली. त्याच्या विहिरीपासून निघून वळणावरच्या चिंचेच्या पंधरा पावले अलीकडे बरोबर ८०० मीटर भरले. तिथे त्यानेच चुन्याची रेघ मारली. आता मुली विहिरीवरून निघून रेघेपर्यंत पळतात, मुले रेघेवरून परत फिरून विहिरीवर येतात. अट त्याची दोनच गोष्टींची: झाडाला हात लावायचा नाही, आणि पाणी विहिरीचेच प्यायचे, बाटल्या आणायच्या नाहीत.

पाणी गोडे आहे. परवा त्या मुलीची वेळ दोन मिनिटे अठ्ठावन्न सेकंद आली. आठ सेकंद अजून जास्त आहेत, आणि जाहिरात कधी निघेल ते कोणालाच ठाऊक नाही.