कळी संध्याकाळची, चहा सकाळचा



किराणा आणताना साबणाच्या वड्या आणि चहाची पुडी एकाच पिशवीत आली, तर काय होते हे तुम्हाला सांगायला नको. दुसऱ्या दिवशी चहाला साबणाचा वास येतो आणि घरातली माणसे तोंडे वाकडी करतात. वाळलेले चहाचे पान शेजारचा वास आणि ओल चटकन ओढून घेते. त्याच्या या खोडीचा चिनी लोकांनी फायदा करून घेतला आणि त्यातूनच मोगऱ्याचा चहा निघाला.

आपल्याकडे तो 'जास्मिन टी' या नावाने विकला जातो. खराडी हे मुळा-मुठेच्या काठचे गाव. १९९७ साली ते पुणे महापालिकेत आले आणि पुढे तिथे आयटी पार्क उभे राहिले. अशा भागात हा चहा आता दुकानात सहज मिळतो. पुड्याची किंमत मात्र आपल्या नेहमीच्या चहाच्या कितीतरी पट. त्यातही स्वस्त पुड्यांत पुष्कळदा वास वरून लावलेला असतो, म्हणून बारीक अक्षरांतली घटकांची यादी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. मला नवल वाटते ते वेगळेच. ज्या गॅलरीत मोगऱ्याची कुंडी आहे, त्याच घरात हा पुडाही विकत आणला जातो!

जाई, जुई, सायली, चमेली, कुंद ही सारी एकाच कुळातली फुले. पण चीनमध्ये फूजौ शहराच्या परिसरात या चहासाठी जे फूल वापरतात, तो आपला मोगराच. तिथल्या या फुलांच्या आणि चहाच्या शेतीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ साली जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. चिनी भाषेत मोगऱ्याला 'मोली' म्हणतात आणि हे नाव आपल्या 'मल्लिका' शब्दावरून गेलेले आहे. धम्मपदातल्या पुप्फवग्गात चंदन आणि तगर यांच्या जोडीने येते, तीच ही मल्लिका.

आता मुख्य अट. बाजारातला गजऱ्याचा मोगरा चहात घालू नये. मोगऱ्याला कळी पोखरणारी अळी लागते आणि तिच्यासाठी शेतकऱ्याला औषध फवारावे लागते. त्याचे फूल वेणीसाठी, हारासाठी असते, पोटात जाण्यासाठी नव्हे. जव्हार-विक्रमगडचा असो की मार्केट यार्डातला, न फवारलेला असल्याची तुमची स्वतःची खात्री नसेल तर तो केसांतच माळावा. नुसते धुऊन औषध पूर्ण जाईल या भरवशावर राहू नका, आणि धुतलेली ओली कळी या कामाला चालतही नाही. म्हणून घरची कुंडी हवी. रोपवाटिकेतून नवे रोप आणले असेल तर पहिला बहर सोडून द्यावा. मोगऱ्याला रोज पाच-सहा तास ऊन लागते. थंडी सरता सरता छाटणी करून शेणखत घातले, की उन्हाळ्यात कळ्या धरतात. शेजारच्या कुंडीत कण्हेर असेल तर मुलांना फुले तोडायला पाठवू नका, कण्हेर विषारी असते.

कळी तोडायची ती संध्याकाळी, पांढरी, टपोरी, पण मिटलेली. मोगरा रात्री उमलतो आणि तेव्हाच त्याचा वास सुटतो. सकाळी वेचलेल्या फुलात तो बराचसा उडून गेलेला असतो. चहा घ्यावा तो पानांचा, साधा हिरवा. आपली दाणेदार पावडर इतकी कडक असते की तिच्यापुढे मोगऱ्याचे काही चालत नाही. पन्नास ग्रॅम पानांना दोन मुठी कळ्या पुरतात. काचेच्या किंवा स्टीलच्या कोरड्या डब्यात पानांचा एक थर, कळ्यांचा एक थर असे रचावे. मसाल्याचा जुना डबा कितीही घासला तरी घेऊ नका. वर घट्ट झाकण न लावता स्वच्छ कापड बांधावे, कारण उमलणारी फुले दमट आणि उबदार होतात. कारखान्यातसुद्धा फुलांचा ढीग तापू लागला की तो पसरून गार करतात.

सकाळी उठल्याबरोबर फुले वेचून काढावीत. ती आत राहिली तर तपकिरी पडतात आणि चहाला कडवट चव देतात. पुड्यात वाळकी फुले दिसली म्हणजे चहा भारी, असे समजू नये. चांगल्या चहातून ती बहुतेक काढूनच टाकलेली असतात. फुलांची ओल पानांत उतरलेली असते. ती घालवली नाही तर बुरशी धरते. जाड बुडाची कढई किंचित तापवून गॅस बंद करावा आणि पाने हाताने हलवत कोरडी करावीत. हाताला चटका बसेल इतकी कढई तापली तर रात्रभराचा वास क्षणात उडतो. पाने गार झाली की त्याच संध्याकाळी नव्या कळ्या घालाव्यात. असे तीन रात्री केले म्हणजे घरापुरता चांगला चहा होतो.

हा चहा उकळायचा नाही. पाणी उकळून तीन-चार मिनिटे थांबावे, मग कपाला एक लहान चमचा पाने घालून दोन-तीन मिनिटे झाकावे आणि गाळावे. दूध, साखर, आले यांचे इथे काम नाही. त्याच पानांवर दुसऱ्यांदाही पाणी घालता येते.

'ग्रीन टी'ने वजन झरझर उतरते, या जाहिरातींवर मी भरवसा ठेवणार नाही. उलट एक काळजी सांगते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. चहाला तुरटपणा आणणारे घटक पालेभाजी आणि भाकरीतले लोह अंगी लागू देत नाहीत, मग चहा दुधाचा असो की मोगऱ्याचा. तेव्हा जेवणावर लगेच चहा नको. तासभर जाऊ द्या. लोहाची गोळी तर चहाबरोबर कधीच घेऊ नका, ती लिंबूपाण्याबरोबर घ्या. सासूबाईंना जेवल्या जेवल्या चहा लागत असेल तर त्यांनाही हे सांगा.

वेचून काढलेली फुले कुंडीतल्या मातीतच पुरावीत. चहा हवाबंद बरणीत, उन्हापासून दूर, आणि साबणापासून तर फारच दूर ठेवावा.